पिल्सेनाइट : एका दुर्मीळ खनिजाच्या नावाचा, स्थानाचा आणि श्रेयाचा इतिहास

प्रस्तावना

हंगेरीच्या उत्तर भागात, डॅन्यूब नदी दक्षिणेकडे वळते त्या परिसरात बोर्झोन्य नावाची जुन्या ज्वालामुखी खडकांची डोंगररांग आहे. या रांगेच्या पायथ्याशी नॉज्बोर्झोन्य हे लहानसे गाव वसलेले आहे. मध्ययुगात येथे जर्मन भाषक खाणकामगारांची वस्ती झाली व त्यामुळे जर्मन कागदपत्रांत या गावाचा उल्लेख 'डॉइच-पिल्सेन' असा येतो. बीअरसाठी प्रसिद्ध असलेले चेक प्रजासत्ताकातील पिल्सेन शहर वेगळे. या गावाजवळच्या खाणींत बिस्मथ आणि टेल्युरियम या दोन मूलद्रव्यांचे एक दुर्मीळ संयुग खनिजरूपाने सापडते. आज त्याला 'पिल्सेनाइट' असे म्हणतात.

खनिजशास्त्राच्या कोशात या खनिजाला चार-सहा ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. तथापि त्या ओळींमागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. हे खनिज प्रथम मोलिब्डेनमचे म्हणून ओळखले गेले. पुढे त्याच्याच धातुकात एका नव्या मूलद्रव्याचा स्वतंत्रपणे शोध लागला, परंतु त्या शोधाचे प्रथम श्रेय दुसऱ्यास गेले. नंतर त्यास एका रसायनशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आणि अखेर तेही रद्द झाले. प्रस्तुत निबंधात या घटनाक्रमाचा मागोवा घेतला आहे. वैज्ञानिक शोधाचे श्रेय आणि पदार्थाचे नाव या गोष्टी केवळ प्रतिभेवर ठरत नाहीत. छापील नोंद, जपून ठेवलेला नमुना आणि त्या नमुन्याच्या प्राप्तिस्थानाची खात्रीची माहिती या तिन्हींवर त्या अवलंबून असतात, हे या उदाहरणातून स्पष्ट व्हावे असा या निबंधाचा हेतू आहे.

१. खनिजाचे स्वरूप आणि ओळखीची अडचण

टेल्युरियम हे पृथ्वीच्या कवचातील अत्यंत विरळ मूलद्रव्यांपैकी एक आहे. ते मुक्त स्थितीत क्वचितच आढळते. सोने, चांदी, शिसे, बिस्मथ इत्यादींशी संयोग पावलेल्या स्थितीत ते मुख्यतः मिळते आणि अशा संयुगांना टेल्युराइडे म्हणतात. बिस्मथची टेल्युराइडे हा त्यांतील एक गट होय. बिस्मथचे दोन व टेल्युरियमचे तीन अणू या प्रमाणातील खनिज म्हणजे टेल्युरोबिस्मथाइट. दोन्हींचे प्रमाण समान असल्यास त्सुमोआइट. बिस्मथचे चार व टेल्युरियमचे तीन अणू असल्यास पिल्सेनाइट. आणि सात व तीन असे प्रमाण असल्यास हेडलेआइट. गंधकाचाही समावेश असलेले टेट्राडायमाइट हे या परिवारातील सर्वांत परिचित खनिज आहे.

ही सर्व खनिजे दिसण्यात एकमेकांसारखीच असतात. करडा-रुपेरी रंग, धातूसारखी चमक, नखाने ओरखडा उठेल इतका मऊपणा आणि अभ्रकाप्रमाणे पातळ पापुद्र्यांत सुटण्याची प्रवृत्ती ही त्यांची समान लक्षणे आहेत. या साम्याचे कारण त्यांच्या अंतर्रचनेत आहे. टेल्युरोबिस्मथाइटमध्ये टेल्युरियम व बिस्मथ यांचे अणू आलटून पालटून रचलेल्या पाच थरांच्या संचांत असतात. या संचांमध्ये केवळ बिस्मथच्या अणूंचे दुहेरी थर घातले की बिस्मथचे प्रमाण वाढत जाते. पाच थरांच्या दोन संचांमागे बिस्मथचा एक दुहेरी थर आला तर त्सुमोआइट तयार होते. प्रत्येक संचामागे एक आला तर पिल्सेनाइट. आणि दोन संचांमागे पाच आले तर हेडलेआइट. विटा त्याच, रचनेचा क्रम तेवढा निराळा, असा हा प्रकार आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. डोळ्यांनी, भिंगाने किंवा केवळ आम्लात विरघळवून केलेल्या पृथक्करणाने या खनिजांमधील भेद निश्चितपणे सांगणे कठीण होते. नमुन्यात दुसऱ्या एखाद्या खनिजाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतील, तर पृथक्करणाचे आकडेही दिशाभूल करीत. पुढील सर्व गोंधळाचे मूळ या परिस्थितीत आहे.

२. झ्लात्ना येथील कोडे : १७८२ ते १७९८

पिल्सेनाइटचा इतिहास टेल्युरियमच्या शोधापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून प्रथम ट्रान्सिल्व्हेनियाकडे वळणे आवश्यक आहे. आज रोमानियात असलेला हा प्रदेश अठराव्या शतकात हॅब्सबर्ग साम्राज्याचा भाग होता आणि सोन्याच्या खाणींसाठी तो प्रसिद्ध होता. झ्लात्ना गावाजवळच्या फात्सा बई या डोंगरातील मारियाहिल्फ खाणीत चमकदार, रुपेरी-पांढरे असे एक धातुक सापडत असे. त्यात अल्पसे सोने असे, परंतु त्याचा मुख्य घटक कोणता याविषयी मतभेद होते. काहींच्या मते तो अँटिमनी होता, तर काहींच्या मते बिस्मथ.

ट्रान्सिल्व्हेनियातील खाणींचे वरिष्ठ अधिकारी फ्रांझ-योझेफ म्युलर यांनी १७८२ मध्ये या धातुकाचे परीक्षण हाती घेतले. म्युलर फॉन रायखेनश्टाइन या नावाने ते पुढे ओळखले गेले. सुरुवातीस त्यांनाही ते बिस्मथचे गंधकयुक्त संयुग वाटले. पुढील प्रयोगांनी हे मत टिकत नाही असे दिसून आले. या पदार्थाची वाफ मुळ्यासारखा वास देत होती. तीव्र गंधकाम्लात तो विरघळला की द्रावणास लाल रंग येई आणि पाणी घालताच काळा साका खाली बसे. अँटिमनी अथवा बिस्मथ यांपैकी कोणीही असे वागत नाही. सुमारे तीन वर्षांच्या काळात पन्नासाहून अधिक चाचण्या केल्यानंतर हा एक अज्ञात धातू असावा अशा निष्कर्षाप्रत म्युलर आले. त्यांनी त्यास 'समस्यारूप धातू' अशा अर्थाचे लॅटिन नाव वापरले.

म्युलर यांनी आपले निष्कर्ष इग्नाझ फॉन बोर्न यांच्या पुढाकाराने व्हिएन्नात निघणाऱ्या एका नियतकालिकात १७८३ पासून प्रसिद्ध केले. स्वतःच्या निष्कर्षाची खातरजमा व्हावी म्हणून त्यांनी स्वीडनमधील उप्साला येथील रसायनशास्त्रज्ञ टोर्बर्न बर्गमन यांच्याकडे नमुना पाठविला. हा पदार्थ अँटिमनी नव्हे, एवढे बर्गमन यांना दिसले. परंतु १७८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रश्न तसाच राहिला. यानंतर जवळजवळ बारा वर्षे म्युलर यांच्या कार्याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्यांचे लेख छापले गेले होते, परंतु त्या नियतकालिकाचा प्रसार मर्यादित होता.

१७९६ मध्ये म्युलर यांनी बर्लिन येथील मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट यांच्याकडे नमुना धाडला. १७८९ मध्ये युरेनियमची घोषणा करणारे क्लाप्रोट त्या काळी रासायनिक पृथक्करणातील अधिकारी पुरुष मानले जात. त्यांनी म्युलर यांच्या निष्कर्षास पुष्टी दिली आणि २५ जानेवारी १७९८ रोजी बर्लिनच्या विज्ञान अकादमीसमोर वाचलेल्या निबंधात या मूलद्रव्यास 'टेल्युरियम' हे नाव दिले. 'टेलस' म्हणजे लॅटिनमध्ये पृथ्वी. नाव आपण दिले असले तरी शोध म्युलर यांचा आहे, असे क्लाप्रोट यांनी निःसंदिग्धपणे नमूद केले.

३. किताइबेल आणि 'चांदीयुक्त मोलिब्डेनाइट'

या कथेची दुसरी बाजू डॉइच-पिल्सेन येथे घडते. तेथील खाणींत पापुद्र्यांचे, मऊ, करडे असे एक धातुक मिळे. त्यात चांदीचा अंश असल्याचे खाणवाल्यांना ठाऊक होते. मऊपणा आणि पापुद्रे यांमुळे ते मोलिब्डेनाइटसारखे दिसे; म्हणून तत्कालीन खनिजसूचींत त्याची गणना चांदीयुक्त मोलिब्डेनाइट अशी होत असे.

पेश्त येथील विद्यापीठात याकोब विंटर्ल यांच्या हाताखाली काम करणारे पाल किताइबेल यांनी १७८९ मध्ये या धातुकाचे परीक्षण केले. किताइबेल यांचा जन्म १७५७ चा. हंगेरीतील वनस्पतींचे अभ्यासक म्हणून त्यांची कीर्ती आजही टिकून आहे आणि 'किताइबेलिया' ही वनस्पतींची प्रजाती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रसायनशास्त्रातही त्यांची गती उत्तम होती. डॉइच-पिल्सेनच्या धातुकात मोलिब्डेनम नसून एक नवे मूलद्रव्य आहे, असे त्यांना आढळून आले. म्युलर यांच्या कामाचा आधार न घेता, निराळ्या खाणीतील निराळ्या खनिजातून ते त्याच मूलद्रव्यापर्यंत पोहोचले होते.

परंतु किताइबेल यांनी आपला निबंध छापला नाही. त्यांनी तो हस्तलिखित स्वरूपात व्हिएन्नातील खनिजतज्ज्ञ अबे एस्टनर यांच्याकडे पाठविला. तेथे तो इतर जाणकारांच्या हाती फिरला. १७९६ मध्ये क्लाप्रोट व्हिएन्नास गेले असता त्यांनीही तो पाहिला. पुढे १७९८ च्या घोषणेत किताइबेल यांचा उल्लेख आला नाही, तेव्हा क्लाप्रोट यांनी हस्तलिखिताचा उपयोग करून घेतला की काय, असा संशय व्यक्त होऊ लागला. १८०३ च्या सुमारास हा वाद जाहीर झाला. क्लाप्रोट यांनी हस्तलिखित पाहिल्याचे मान्य केले; किताइबेल हे स्वतंत्रपणे या शोधापर्यंत पोहोचले हेही त्यांनी मान्य केले. मात्र म्युलर यांचे काम आधीचे असल्याने शोधाचा अग्रमान त्यांच्याकडेच राहतो, असे त्यांचे उत्तर होते. किताइबेल यांनी ते स्वीकारले आणि वाद तेथेच संपला.

या निवाड्यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. कारण म्युलर यांचे काम १७८२ चे, किताइबेल यांचे १७८९ चे. परंतु या प्रकरणातील सामाजिक वास्तव दुर्लक्षिण्याजोगे नाही. म्युलर आणि किताइबेल दोघेही एकाच साम्राज्यात काम करीत होते. तरीही म्युलर यांचे छापील निष्कर्ष प्रसिद्ध होऊन सहा वर्षे झाल्यानंतर दुसऱ्या एका प्रांतात तेच काम पुन्हा करावे लागले आणि दोघांच्याही निष्कर्षांवर शिक्कामोर्तब होण्यासाठी बर्लिनमधील एका मान्यवराची आवश्यकता भासली. प्रांतात ज्ञान निर्माण होत होते, पण त्यास मान्यता केंद्रात मिळत होती. म्युलर यांच्यापाशी निदान छापील पुरावा होता. किताइबेल यांच्यापाशी फक्त इतरांच्या आठवणीवर अवलंबून असलेले हस्तलिखित होते. दोघांच्या वाट्याला आलेल्या कीर्तीतील अंतर काही अंशी या फरकातून निर्माण झाले.

४. नामकरणांचा काळ : १८३१ ते १८५३

टेल्युरियम हे मूलद्रव्य म्हणून प्रस्थापित झाल्यावर त्याच्या खनिजांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. १८३१ मध्ये ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञ विल्हेल्म हायडिंगर यांनी आजच्या स्लोव्हाकियातील झुपकोव्ह येथील खनिजास 'टेट्राडायमाइट' हे नाव दिले. त्याचे स्फटिक चार-चारांच्या जुळ्यांत आढळतात म्हणून 'चौपट' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतले आहे. या खनिजाचे पृथक्करण अलोइस वेर्ले यांनी केले. वेर्ले हे शेम्निट्झ येथील खनिकर्म अकादमीत रसायनशास्त्र शिकवीत. हे गाव आज स्लोव्हाकियात असून बान्स्का श्त्यावनित्सा या नावाने ओळखले जाते.

डॉइच-पिल्सेनच्या खनिजाचे पृथक्करणही वेर्ले यांनीच केले. त्यात मोठा वाटा बिस्मथचा, त्याखालोखाल टेल्युरियमचा आणि थोडासा अंश चांदी व गंधकाचा असल्याचे त्यांना आढळले. अशा रीतीने 'मोलिब्डेनाइट' हे जुने वर्णन निकालात निघाले. १८४१ मध्ये फ्रेंच लेखक जाँ-जाक-निकोला युओ यांनी वेर्ले यांच्या सन्मानार्थ या खनिजास 'वेर्लाइट' असे नाव दिले. १८५३ मध्ये गुस्टाव्ह आडोल्फ केनगॉट यांनी त्याच खनिजासाठी गावाच्या नावावरून 'पिल्सेनाइट' हा शब्द योजला. एकाच पदार्थास दोन नावे झाली; एक व्यक्तीचे, दुसरे स्थळाचे. प्राधान्याच्या नियमानुसार आधीचे नाव टिकायचे आणि तसेच झाले. पुढील सव्वाशे वर्षे ग्रंथांतून प्रामुख्याने 'वेर्लाइट' हेच नाव राहिले.

येथे आणखी एक गुंतागुंत नमूद केली पाहिजे. हंगेरीतील सार्व्हाश्को येथील एका काळ्या पाषाणाचे पृथक्करणही वेर्ले यांनी केले होते. त्यास १८३८ मध्येच फॉन कोबेल यांनी 'वेर्लाइट' हे नाव दिले होते. प्रथम खनिज समजला गेलेला हा पदार्थ वस्तुतः ऑलिव्हीन व पायरॉक्सीन या खनिजांचा बनलेला खडक निघाला. म्हणजे एका माणसाचे नाव एकाच वेळी एका खडकास आणि एका टेल्युराइडास लागले होते.

याच काळात अटलांटिकपलीकडेही या परिवारातील खनिजांच्या नोंदी होऊ लागल्या. ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतातल्या सोन्याच्या प्रदेशातून 'जोसेआइट' हे गंधकयुक्त टेल्युराइड आले. त्याचे नावही केनगॉट यांनी १८५३ मध्ये ठेवले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डालोनेगा येथील टेल्युराइडाचे वर्णन बाल्च यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केले. डालोनेगा हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोन्यासाठी माणसांची झुंबड उडालेले ठिकाण होते आणि १८३८ ते १८६१ या काळात तेथे सरकारी टांकसाळही होती. प्रत्येक ठिकाणी क्रम एकच दिसतो. आधी सोन्याच्या शोधात माणसे येतात, खाण पडते आणि त्यानंतर टाकाऊ वाटणाऱ्या करड्या पापुद्र्यांकडे एखाद्या अभ्यासकाचे लक्ष जाते.

५. विसाव्या शतकातील पुनर्परीक्षण

क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची अंतर्रचना अभ्यासण्याची पद्धत रूढ झाल्यावर जुन्या खनिजांची नव्याने तपासणी सुरू झाली. टेट्राडायमाइटची रचना डेव्हिड हार्कर यांनी १९३४ मध्ये निश्चित केली. १९४५ मध्ये वॉरेन आणि पीकॉक यांनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हेडली येथील नव्या खनिजाचे वर्णन केले आणि त्यास 'हेडलेआइट' असे नाव दिले. त्या अभ्यासात त्यांनी वेर्लाइटचा आणि प्रयोगशाळेत बनविलेल्या बिस्मथ-टेल्युरियम मिश्रधातूंचाही विचार केला होता. तथापि 'वेर्लाइट' म्हणजे नेमक्या कोणत्या प्रमाणातील संयुग, हा प्रश्न त्यानंतरही पुरता सुटला नाही. दोन्ही मूलद्रव्ये जवळपास समप्रमाणात असलेल्या टेल्युराइडासही हे नाव लावले जाऊ लागले.

या प्रश्नाचे उत्तर जपानमधून आले. शिमाझाकी आणि ओझावा या संशोधकांनी शिमाने प्रांतातील त्सुमो खाणीतील बिस्मथ टेल्युराइडाचा अभ्यास केला. त्यात दोन्ही मूलद्रव्ये समप्रमाणात होती. त्याचे वर्णन 'त्सुमोआइट' या नावाने १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. नवे खनिज मान्य व्हावयाचे तर ते जुन्या वेर्लाइटहून वेगळे असल्याचे सिद्ध होणे आवश्यक होते. म्हणून डॉइच-पिल्सेनचे मूळ खनिज काय आहे हे पाहणे भाग होते. सूक्ष्म इलेक्ट्रॉन शलाकेने कणाकणाचे पृथक्करण करणारी उपकरणे आता उपलब्ध होती. ज्याला इतकी वर्षे एक खनिज समजले गेले ते प्रत्यक्षात दोन खनिजांचे मिश्रण असल्याचे या तपासणीत दिसून आले. त्यांतील एक म्हणजे बिस्मथचे चार व टेल्युरियमचे तीन अणू असलेले संयुग. दुसरे म्हणजे हेसाइट, अर्थात चांदीचे टेल्युराइड.

वेर्ले यांना आढळलेल्या चांदीचा उलगडा अशा प्रकारे झाला. खाणवाल्यांनी या धातुकास चांदीयुक्त म्हटले ते खोटे नव्हते. मात्र ती चांदी त्या पापुद्र्यांच्या खनिजाची नव्हती, त्यात मिसळलेल्या दुसऱ्या खनिजाची होती. ओझावा आणि शिमाझाकी यांनी १९८२ मध्ये आपला निर्णय प्रसिद्ध केला. मिश्रणास लागलेले 'वेर्लाइट' हे नाव खनिजशास्त्रातून रद्द झाले आणि शुद्ध संयुगासाठी केनगॉट यांचे 'पिल्सेनाइट' हे नाव नव्या व्याख्येसह स्वीकारले गेले. वेर्ले यांचे नाव आज खडकाच्या रूपाने तेवढे शिल्लक आहे.

६. प्राप्तिस्थाने आणि त्यांचा अर्थ

बिस्मथची टेल्युराइडे प्रामुख्याने दोन प्रकारच्या भूवैज्ञानिक परिस्थितींत आढळतात. पहिली म्हणजे खडकांतील भेगांमधून वाहणाऱ्या उष्ण, खनिजयुक्त पाण्याने निर्माण केलेल्या शिरा. दुसरी म्हणजे तप्त शिलारस चुनखडीत घुसून त्यांच्या संपर्काने बनलेले स्कार्न नावाचे खडक. नॉज्बोर्झोन्यचे निक्षेप ज्वालामुखी खडकांशी निगडित आहेत, तर हेडली व त्सुमो ही स्कार्नची उदाहरणे होत. या सर्व ठिकाणी एकूण प्रमाण अल्पच असते. टेल्युराइडे मुख्य धातुक म्हणून मिळणारे चीनच्या सिचुआन प्रांतातील दाशुइगोऊ हे ठिकाण म्हणूनच अपवादात्मक मानले जाते. तेथे टेट्राडायमाइट व त्सुमोआइट ही प्रमुख खनिजे आहेत. एरवी जगातील बहुतांश टेल्युरियम हे तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणात तळाशी साचणाऱ्या गाळातून मिळविले जाते.

प्रमाण अल्प असले तरी या खनिजांची साक्ष मोलाची आहे. पिल्सेनाइट आणि हेडलेआइट यांसारखी, बिस्मथ अधिक असलेली खनिजे सामान्यतः ऑक्सिजनची उपलब्धता कमी असलेल्या परिस्थितीत, पायरोटाइटच्या सोबतीने तयार होतात. टेल्युरियम अधिक असलेली खनिजे याउलट परिस्थिती सुचवितात. बिस्मथ अवघ्या २७१ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे उष्ण पाण्याच्या प्रवाहात बिस्मथचे थेंब द्रवरूप राहून आसपासचे सोने आपल्यात ओढून घेतात, असे अलीकडील संशोधन सांगते. सोन्याजवळ ही खनिजे वारंवार का दिसतात, याचे हे एक कारण होय. नॉज्बोर्झोन्य येथून २००६ मध्ये सोने व बिस्मथ यांचे 'जोनासोनाइट' हे नवे खनिज वर्णिले गेले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

या परिवाराचे महत्त्व खाणीपुरते उरलेले नाही. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड व डग्लस यांनी विजेच्या साहाय्याने थंडावा निर्माण करण्यासाठी बिस्मथ टेल्युराइडाचा उपयोग दाखवून दिला आणि आजही अशा उपकरणांत हा पदार्थ वापरला जातो. आतून विद्युतरोधक परंतु पृष्ठभागावर वाहक अशा विलक्षण पदार्थांच्या वर्गात त्याची गणना २००९ पासून होऊ लागली. २०१३ मध्ये असाच गुणधर्म चेक प्रजासत्ताकातील यिलोव्हे येथील जुन्या सोन्याच्या खाणीतील कावाझुलाइट या नैसर्गिक खनिजात आढळला. ज्या थरांच्या रचनेने अठराव्या शतकातील परीक्षकांना चकविले, तीच रचना आता अभ्यासाचा विषय झाली आहे.

७. पुण्याच्या नावाचे खनिज : एक तुलना

प्राप्तिस्थानावरून आलेले नाव नेहमीच टिकते असे नाही. याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टेट्राडायमाइटचे नामकरण झाले त्याच १८३१ साली इंग्लंडमधील हेन्री जेम्स ब्रुक यांनी पुणे परिसरातून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांच्या खनिजास नवे खनिज मानून 'पूनाहलाइट' असे नाव दिले. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत मिळणाऱ्या झिओलाइट गटातील हे खनिज होते. १९०९ मध्ये बोमन यांनी त्याची पुन्हा तपासणी करून ते मेसोलाइट या आधीच ज्ञात असलेल्या खनिजाहून वेगळे नाही असे दाखविले. पुण्याचे नाव खनिजांच्या मान्य यादीतून गेले.

दोन्ही उदाहरणांतील निर्णय परस्परविरुद्ध दिसतात. एका गावाचे नाव परत आले, दुसऱ्या गावाचे पुसले गेले. परंतु दोन्हींमागील कसोटी एकच आहे. मूळ ठिकाणाहून आलेले नमुने अभ्यासासाठी उपलब्ध होते म्हणूनच सत्तर-ऐंशी किंवा शंभर-दीडशे वर्षांनी नव्या साधनांनी जुन्या मताची परीक्षा करता आली. नमुना नसता, अथवा त्यावरील चिठ्ठी हरवली असती, तर ना चूक दुरुस्त झाली असती ना खरे ते सिद्ध झाले असते.

८. समारोप

पिल्सेनाइटच्या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, शोध ही एका क्षणाची घटना नसून निरीक्षण, प्रसिद्धी आणि मान्यता अशा टप्प्यांची प्रक्रिया आहे. म्युलर यांनी निरीक्षण केले व ते छापले. किताइबेल यांनी निरीक्षण केले पण छापले नाही. क्लाप्रोट यांनी मान्यता मिळवून दिली. टेल्युरियमच्या इतिहासातील तिघांची स्थाने या फरकानुसार ठरली. क्लाप्रोट यांनी स्वतःकडे श्रेय न घेता ते म्युलर यांना दिले, ही गोष्ट मात्र नियमाने नव्हे तर सचोटीने घडली.

दुसरा निष्कर्ष असा की, विज्ञानातील नाव हा अंतिम निर्णय नसतो. चांदीयुक्त मोलिब्डेनाइट, वेर्लाइट, पिल्सेनाइट ही एकापाठोपाठ एक आलेली नावे त्या त्या काळातील साधनांची मर्यादा दाखवितात. वेर्ले यांचे पृथक्करण निष्काळजीपणाचे नव्हते. त्यांच्या हाती आलेला खडा एकजिनसी नाही हे कळण्याचे साधन तेव्हा नव्हते. जुन्या संशोधकांच्या चुका तपासताना हे भान ठेवणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे.

तिसरा निष्कर्ष आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने व्यवहाराचा आहे. अनेक विज्ञान विभागांतील कपाटांत पूर्वीच्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी गोळा केलेले दगड धूळ खात पडलेले असतात. त्यांवरील चिठ्ठ्या गळून पडतात आणि मग तो दगड कोठला, कोणी व केव्हा आणला हे सांगणारे कोणीच उरत नाही. अशा वेळी दगड शिल्लक राहतो, पण त्याची साक्ष नाहीशी होते. नमुन्यासोबत ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्यास फार खर्च लागत नाही. किताइबेल यांना श्रेयासाठी छापील पान कमी पडले. त्यांनी तपासलेल्या धातुकातील खनिजाला मात्र आपल्या गावाचे नाव परत मिळाले, कारण तेथील खडे कोणीतरी, कोठेतरी नीट जपून ठेवले होते.